शुक्रवारची तारीख

मेटकऱ्यांच्या घरात भांडणाला कारण लागत नाही. पण त्या बुधवारी कुणी एक शब्दही खोटा बोललं नाही आणि तरी सगळं घर ढवळून निघालं, असं मात्र पहिल्यांदाच झालं.

शुक्रवारी बिरोबाचं देवकार्य होतं. त्यासाठी मंगळवेढ्याकडच्या वस्तीवरनं सगळी मंडळी पिकअप भरून जुळे सोलापुरात थोरल्या भावाच्या, मल्हारीच्या घरी उतरली होती. बाजार करायचा, कुणी काय बघायचं ते ठरवायचं आणि गुरुवारी परत फिरायचं. फेब्रुवारी अजून संपला नव्हता, पण सोलापूरचं ऊन कॅलेंडर बघून पडत नाही. धाकटी सून महानंदा गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीला निवदाच्या पुरणाची डाळ निवडत बसली होती. टाकीपलीकडं मल्हारीची लेक अंकिता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, फोनवर मैत्रिणीशी बोलत होती.

"नाही गं, शुक्रवारी नाही जमणार. मम्मीची तारीख आहे ना. हो, बाहेरून बसतेय. टेन्शन आहेच थोडं."

महानंदाचा हात डाळीतच थांबला.

आता अंकिताच्या बोलण्यात काडीचा गुंता नव्हता. तिची आई सुकन्या, चाळिशी ओलांडलेली, नववीतच शाळा सुटलेली, सतरा नंबरचा फॉर्म भरून यंदा बाहेरून दहावीला बसत होती. मराठीचा पहिला पेपर शुक्रवारी होता. घरात हे फक्त नवऱ्याला आणि लेकीला ठाऊक होतं. पण महानंदाचा जन्म वस्तीवर गेलेला. तिकडं बाईची तारीख म्हणजे महिन्याची तारीख, आणि बाई बाहेर बसली म्हणजे ते चार दिवस तिनं देवाला शिवायचं नाही, चुलीला शिवायचं नाही. पेपराला तारीख असते आणि शाळेत न जाता बाहेरूनही बसता येतं, हे तिच्या मनात यावं तरी कुठून?

तिच्या मनात आलं ते भलतंच. देवकार्याचा निवद थोरल्या सुनेनं रांधायचा आणि तिनंच पाटी डोईवर घेऊन अनवाणी देवळापर्यंत न्यायचा. ढोल तिच्यापुढं, सगळी भावकी तिच्यामागं. धाकटीनं पाटीला हात लावायचा नाही. थोरलीला अडचण आली तरच. लग्न होऊन आल्यापासून महानंदा त्या पाटीमागून चालत आली होती. शेळ्यामेंढ्या तिनं राखायच्या, सासूचं औषधपाणी तिनं बघायचं, आणि मानाच्या दिवशी मात्र सोलापुरातनं सुकन्या अक्का गाडीत बसून यायची. सुकन्या तिला आवडायची, तो भाग वेगळा. पण एकदा, फक्त एकदा, आपल्याही डोक्यावर ती पाटी यावी असं तिला फार वाटायचं.

डाळ तशीच टाकून ती खाली पळाली आणि सासूच्या कानाला लागली.

"आत्या, अक्काची शुक्रवारचीच तारीख हाय. बाहेर बसणार हायती."

"आता गं बया," केराबाई म्हणाली. "देवकार्य तोंडावर आलं अन् आता सांगत्यात व्हय?"

गुडघ्यावर हात ठेवून ती उठली आणि स्वयंपाकघराकडं निघाली. सून चपात्या लाटत होती.

"सुकन्या, शुक्रवारची तारीख हाय म्हनं तुजी."

सुकन्याच्या हातातलं लाटणं थांबलं. कळलं तर म्हातारीला! कुणी सांगितलं असेल? अंकितानंच. तिनं चपाती उगीच दुसऱ्यांदा पिठात बुडवली.

"व्हय, आत्या."

"मग आदी सांगू नये व्हय? मी काय खाणार हाय का तुला?"

"सांगणारच होते. पण देवकार्य नेमकं त्याच दिवशी आलं. मग तोंडच उघडंना माझं."

"त्यात लाजायचं काय एवढं? बाईच्या जातीनं लाजायचं तरी किती?"

सुकन्या बघतच राहिली. ज्या बाईच्या धाकानं तिनं वस्तीची माणसं आली की पुस्तकं गव्हाच्या कोठीमागं लपवली, ती हे बोलत होती. तिचे डोळेच भरून आले.

"तुमाला राग न्हाय आला? ह्या वयात हे असलं…"

"वयाचं काय घिऊन बसलीस? माजं पन्नाशीपतुर चालू हुतं की!"

पन्नाशीपर्यंत? म्हातारीला सही येत नव्हती. मग सुकन्याला वाटलं, पूर्वी वस्त्यांवर साक्षरतेचे वर्ग भरायचे, तिथं जात असतील. कमाल आहे, इतक्या वर्षांत कधी बोलल्या नाहीत.

"मला ठाऊकच नव्हतं, आत्या."

"असलं कोण सांगत फिरतंय? गुमान सोसायचं. तुला तरास लई हुतोय का?"

"व्हय की. डोकं उठतंय. झोप लागंना."

"माजी कंबर धरायची."

"बसून बसून धरतीच की."

"अन् किती दिस चालतंय तुजं?"

"पंधरा-वीस दिस जातील. मधी मधी सुट्टी असतीय."

केराबाईनं छातीवर हात मारला. "आगं आई! पंधरा-वीस दिस? अन् डाक्टरला दावलं न्हाईस? मल्हारी काय झोपा काढतोय काय?"

"डॉक्टरला कशाला?"

"अंगात रगात तरी उरंल का अशानं! मी म्हणणार हुते, पुढं ढकलायची गोळी घे म्हणून. आता नगं बाई, आणि कायतरी व्हायचं."

गोळी म्हटल्यावर सुकन्याच्या डोक्यात उजेड पडला. तिनं झटकन तोंड गॅसकडं फिरवलं. हसू पोटात मावेना आणि रडूही येत होतं, कारण घटकाभर का होईना, सासू आपल्या बाजूची आहे असं तिला खरंच वाटलं होतं. ती सांगायला वळली, तोवर केराबाई दारात पोचली होती.

"तू हितंच ऱ्हा शुक्रवारी. महानंदा उचलंल निवद. अडचणीला देव बी काय म्हणत न्हाय. सिद्धप्पा भाऊजीस्नी मी सांगते."

म्हातारी गेली. तव्यावरची चपाती करपली आणि सुकन्या तशीच उभी राहिली.

इतकं सोपं? दार आपोआप उघडलं होतं. गेल्या वर्षीही हॉल तिकीट हातात आलं होतं, आणि पहिल्या पेपराच्या दिवशी ती चुलत नणंदेच्या लग्नात पुऱ्या तळत होती. पहिलाच पेपर गेला म्हणून बाकीच्यांनाही ती गेली नाही. यंदा नुसतं गप्प बसलं की काम झालं.

मल्हारी कचेरीतनं आला तसं तिनं त्याला आतल्या खोलीत ओढलं आणि सगळं सांगितलं. तो इतका हसला की पलंगावर बसला.

"पावला गं, बिरोबा पावला! आता तू तोंडातनं चकार शब्द काढू नको."

"अन् खरं कधी सांगायचं?"

"कशाला सांगायचंय? परीक्षा दे, पास हो, विषय संपला."

मल्हारीचं हसणं निव्वळ हसणं नव्हतं. जुळे सोलापुरात घर घेतलं तेव्हा आजूबाजूला सगळ्या शिकलेल्या बायका बघून त्यानं आपली बायको बारावी झाल्याचं सांगून टाकलं होतं. तेच पुढं भावकीतही सांगितलं. माणूस मनानं वाईट नव्हता. फॉर्म भरायला तोच तिच्याबरोबर रांगेत उभा राहिला होता. पण ही गोष्ट चार भिंतींत राहावी, एवढीच त्याची धडपड होती.

"पुढच्या पेपराला काय सांगू?" सुकन्यानं विचारलं. "इंग्रजीला? परत बाहेर बसले म्हणू? अन् गणिताला? महिन्यातनं किती येळा बाहेर बसवताय मला?"

"तेव्हा ती माणसं इथं नसतील."

"निकाल लागंल तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हाबी बाहेरच बसू का?"

"हळू बोल की!"

"इतके दिस हळूच बोलले. त्या बिरोबाच्या नावानं, अंगावर नसलेली अडचण सांगायची? मला न्हाय जमणार. अन् मला चोरून पास व्हायचं न्हाय. मी काय वाईट काम करतीय का?"

"सुकन्या, पाया पडतो तुझ्या. आजच्या दिवस."

"गेल्या सालीबी तुमी आजच्या दिवसच म्हणाला होता," ती म्हणाली आणि दार उघडून बाहेर गेली.

दिवस कलल्यावर बैठक बसली. सोफ्याच्या मधोमध सिद्धप्पा तात्या, मल्हारीचे चुलते. मल्हारीचा बाप धुळा गेल्यापासून देवाचं सगळं त्यांच्याकडं होतं. कपाळ भंडाऱ्यानं पिवळं, पाय सोफ्याखाली, चहाची बशी तळहातावर. देवाच्या दोन्ही खांद्यांवर कळ्या लावून कौल घ्यायची घरची रीत होती. उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार. शुक्रवार त्यांनी असाच काढला होता. शेजारी धाकटा शहाजी, महानंदाचा नवरा. केराबाई खुर्चीत. मल्हारी दाराजवळ, कधीही उठून जाता येईल असा.

ढोलवाले ठरले, पत्रावळ्या ठरल्या, पाण्याचा टँकर ठरला.

"अन् निवदाचं?" तात्यांनी विचारलं. "थोरली दिसंना कुटं?"

"तिला अडचण हाय, भाऊजी," केराबाई हळूच म्हणाली.

झाडून सगळे पुरुष वरच्या पंख्याकडं बघायला लागले.

"बरं बरं," तात्या म्हणाले. "मग काय, धाकटी उचलंल."

आतल्या दारात उभी असलेली महानंदा लाजून पदर सारखा करायला लागली. शहाजीच्या छातीत हवा भरली. आणि तेवढ्यात सुकन्या तिच्या शेजारनं पुढं आली, तडक तात्यांपाशी गेली आणि पायाला हात लावायला वाकली.

"आगं आगं आगं! शिवू नकोस!" केराबाई खुर्चीतनं अर्धी उठली. तात्यांनी दोन्ही पाय सोफ्यावर ओढून घेतले आणि बशीतला चहा धोतरावर सांडला.

"शिवलं तरी चालतंय, तात्या," सुकन्या म्हणाली. ती मागं सरली नाही. "मला कसलीबी अडचण न्हाय."

"मग वैनी काय म्हणत्यात?"

"आत्यांची चूक न्हाय. ऐकण्यात फरक झालाय. मी बाहेर बसले न्हाय. मी बाहेरनं बसणार हाय. दहावीला. शुक्रवारी माझा मराठीचा पेपर हाय."

कुणाच्याच काही ध्यानात येईना. मग जिन्यात उभ्या असलेल्या अंकिताला एकदम हसू फुटलं आणि तिनं तोंडावर हात दाबला. महानंदानं कपाळाला हात लावला.

"दहावीला?" शहाजी म्हणाला. "वैनी, तुमी तर बारावी झालाय की. दादानंच सांगितलं हुतं!"

सगळ्यांच्या माना मल्हारीकडं वळल्या. आता पंख्याकडं बघायची पाळी त्याची होती.

"नववीत सुटली माझी शाळा," सुकन्या म्हणाली. "मेंढरांचा तळ हलला की आमच्या बापानं आमाला घिऊन जायचं. परत आलो तवा माझ्या वर्गातल्या पोरी पुढं गेल्या होत्या. मग लगीन झालं. बारावीचं ह्यांनी सांगितलं, मी कधी सांगितलं न्हाय. पण खोडूनबी काढलं न्हाय. आज काढते."

"म्हंजे सकाळी तू मला येडं केलंस?" केराबाईचा आवाज चढला. तिला सगळ्यात आधी लागलं ते हेच. "मी आपली माजं पन्नाशीचं सांगत बसले, अन् तू पेपराचं?"

"मलाबी वाटलं तुमी शाळंचंच बोलताय, आत्या."

"मी अन् शाळा? आगं, शाळंची पायरी तरी चढले का मी!"

शहाजी हसला. केराबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो चहाचे कप गोळा करायला लागला.

तात्यांनी धोतर पुसलं. "हे बघ पोरी. शिक, माजी ना न्हाय. पण देवकार्य होऊ दे. परीक्षा काय, पुढल्या साली दे."

"गेल्या सालीबी ती पुढल्या सालीच होती, तात्या."

"उलट बोलती व्हय?"

"उलट न्हाय. खरं तेच बोलतीय. दर साली कायतरी हायच की. लगीन हाय, बारसं हाय, जत्रा हाय. ह्यातलं एकबी वाईट न्हाय, म्हणून तर मला कधी न्हाय म्हणता आलं न्हाय. आता म्हणतीय."

तात्यांनी रिकामी बशी खाली ठेवली. मग त्यांनी सावकाश, एकेक शब्द मोजून सांगितलं. "अडचण असली तर गोष्ट येगळी. अडचण गेली की मान थोरलीकडं परत येतो. पण अंगात अडचण नसताना थोरलीनं निवद सोडला, तर मानच सोडला. आपल्यात असंच हाय. एकदा हात बदलला की परत फिरत न्हाय. तुज्या सुनांकडंबी न्हाय, नातसुनांकडंबी न्हाय. कळतंय का तुला?"

हे सुकन्याला ठाऊक नव्हतं. वर्षातनं एक दिवस तो ढोल तिच्यापुढं वाजायचा. एरवी जुळे सोलापुरात ती कोण होती? शेजारच्या शिकलेल्या बायकांत गप्प बसणारी मेटकरीबाई. पाटी डोक्यावर आली की मात्र ती थोरली व्हायची. तो दिवस तिचा फार लाडका होता, आणि तोच हे लोक मागत होते.

"मल्हारी," तात्या म्हणाले, "बोल की. मान तुज्या घरातनं चाललाय."

मल्हारी कोंडीत सापडला होता. बायकोनं सगळ्या भावकीपुढं आपली इज्जत काढली याचा त्याला राग होता, आणि ती तिथं एकटी उभी आहे हेही त्याला बघवत नव्हतं.

"मला न्हाय पटत, तात्या," तो म्हणाला. "मान जाणं अजिबात पटत न्हाय."

"ऐकलं का, वैनी?" शहाजी म्हणाला.

"पुरं ऐकून तरी घे. पण ती बसणार. मी न्हाय म्हणलं तरी बसणार. अन् मी न्हाय म्हणणार न्हाय."

"म्हंजे तुज्या हातात काय उरलं न्हाय?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय," मल्हारी म्हणाला. हे वाक्य तो भावकीत उभ्या जन्मात बोलला नव्हता. बोलून झाल्यावर मात्र त्याला बरं वाटलं.

तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. "मग मी फिरून कौल लावतो. देव सांगंल ते खरं."

"लावा," सुकन्या म्हणाली. "पण आदीच सांगते, तात्या, मागनं फसवलं म्हणू नका. डावी कळी पडली तरी मी जाणार."

देवापुढं असं आजवर कुणी बोललं नव्हतं. आणि मग केराबाई खुर्चीतनं उठली, तात्यांच्या समोर आली आणि तिनं पिशवीवर हात ठेवला.

"भाऊजी, कौल लावू नका."

"का?"

"डावी पडली अन् ही गेली, तर गावात शोभा कुणाची हुईल? हिची न्हाय. देवाची हुईल. ही काय ऐकायची न्हाय, मी बघतीय तिच्या तोंडाकडं. मग देवाला कशाला त्यात घालताय?"

तात्यांनी वहिनीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. देवाची अशी काळजी आजवर त्यांनाही घ्यावी लागली नव्हती. त्यांनी पिशवीचा बंद पुन्हा आवळला.

"मग निवद कोण उचलणार?"

"मी उचलते," महानंदा म्हणाली.

ती बोलली आणि शहाजीनं मांडीवर थाप मारली. पण महानंदाला जो आनंद व्हायचा होता तो काही होईना. तिनं एका दिवसाची पाटी मागितली होती. जन्माची कुणी मागितली होती?

"ठरलं तर," तात्या म्हणाले. "मान धाकटीकडं गेला."

गुरुवारी सकाळी सुकन्यानं महानंदाला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. जुनं सुती लुगडं फाडून ती तिला पाटीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ वळायला शिकवत होती.

"सैल वळू नको, पाटी कलंडतीय. अन् लई घट्ट वळली तर डोकं दुखतंय. हं, अशी. वाटंत कुणी हाक मारली तरी बोलायचं न्हाय. ओढ्याच्या उतारावर पाय जपून, तितं खडे लई हायती. मान अवघडली तरी पाटी खाली ठेवायची न्हाय. पुरण वाटताना चाखायचं न्हाय, गूळ हातानं बघायचा. तात्यांनी चांगभलं म्हणलं की मगच उतरायची."

"ध्यानात ऱ्हाईल का माज्या एवढं?"

"ऱ्हाईल. माझ्याबी राहिलं होतं."

महानंदानं चुंबळ हातातनं खाली ठेवली आणि रडायला लागली. "अक्का, मला असं नगं हुतं. देवाशपथ नगं हुतं. तुमाला वाईट वाटत असंल."

"वाटतंय की. लई वाटतंय. काल रडले मी ह्यांच्यापुढं."

"मग नका की जाऊ. अजून तात्या हितंच हायती. मी सांगते त्यास्नी, मला जमत न्हाय म्हणते."

"येडी हायस का तू?" सुकन्यानं चुंबळ उचलली आणि तिच्या डोक्यावर ठेवून बघितली, जरा डावीकडं सरकवली. "वाईट वाटतंय म्हणून थांबायचं असतं तर मी कालच थांबले असते. आता सरळ उभी ऱ्हा. चालून दाव."

महानंदा नाक पुसत फ्रिजपासून दारापर्यंत चालली. सुकन्यानं तिला परत चालायला लावलं, कारण ती पायाकडं बघत होती.

उन्हं चढायच्या आत पिकअप भरली. केराबाई पुढच्या सीटवर बसली होती. कालपासून ती सुकन्याशी एक शब्द बोलली नव्हती. सुकन्या खिडकीपाशी गेली, पाया पडली. म्हातारीनं तोंड पलीकडं फिरवलं. गाडी सुरू झाली तशी मात्र तिनं काच खाली घेतली.

"पास तरी हो," ती खेकसली. "न्हायतर मानबी गेला अन् दहावीबी गेली, असं नगं व्हायला."

"व्हईन, आत्या."

"व्हईन न्हाय. हो."

शुक्रवारी केंद्रावर सोडायला मल्हारी आला होता. तिथनं तो तसाच मोटारसायकलवर वस्तीकडं जाणार होता. फाटकापाशी पोराबाळांची ही गर्दी. आयाबाया पोरांना दहीसाखर भरवत होत्या, बाप पेनं तपासत होते.

"जाऊ का?" सुकन्यानं विचारलं.

"जा. घाबरू नको."

"घाबरलेच हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

तिच्या पुढच्या बाकावर वेणीला लाल रिबीन बांधलेली पोरगी होती, मागं कुणीतरी सारखं पाय हलवत होतं. वर्गावरच्या बाई अंकितापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी हॉल तिकिटावरचा फोटो बघितला, सुकन्याकडं बघितलं, आणि काही न बोलता सही केली. पेपर हातात आला तेव्हा पहिली ओळ तिला वाचताच येईना. अक्षरं नुसती नाचत होती. तिनं डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. येत होतं. पहिला प्रश्न येत होता. दुसराही येत होता.

बाराची घंटा झाली आणि तिचा हात थांबला.

आता निवद उठला असेल. ढोल वाजत असतील. महानंदा अनवाणी निघाली असेल आणि तिच्यामागं सगळी भावकी. भंडारा उधळला असेल. यापुढं दर वर्षी ती पाटी पुढं जाईल आणि सुकन्या मागून चालेल. तिला हुंदका आला. तिनं तो दाबला नाही. पदर तोंडाला लावून ती बाकावर वाकून रडली. रिबीनवाली पोरगी मागं वळली, तशा बाई जवळ आल्या.

"काकू, पाणी देऊ का? बरं वाटत नाही का?"

"बरी हाय मी," सुकन्या म्हणाली. डोळे पुसून तिनं पेन उचललं. अर्धं राहिलेलं वाक्य तिनं वाचलं, पुरं केलं आणि पुढच्या प्रश्नाला हात घातला. तिचं अक्षर मोठं आणि ठळक, एकेका ओळीत चार-पाचच शब्द मावायचे. पानं भराभर उलटत गेली. उतारा झाला, कविता झाली, पत्र झालं. निबंध अर्ध्यावर आला आणि उत्तरपत्रिकेची शेवटची ओळही भरली. वर्गात बाकी सगळे खाली माना घालून लिहीत होते. अजून कुणाचाच हात वर झाला नव्हता. तिनं केला.

"बाई, पुरवणी द्या."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. बाईंनी कोरी पुरवणी आणि दोऱ्याचा तुकडा आणून बाकावर ठेवला. दोरा भोकात नीट जाईना, ते बघून त्या म्हणाल्या, "आणा काकू, मी बांधून देते."

"नको," सुकन्या म्हणाली. "मी बांधते."